‘येतो म्हणा’ सांगणारा व्हीटीचा आवाज

भूतखेत, भास, संकेत... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. मत्सर मात्र खरा असतो. त्याचा मला रोजचा अनुभव आहे.

आम्ही परळचे. बायकोचं, म्हणजे सुनंदाचं, माहेर कराड. कोल्हापूरची गाडी दादरला थांबते, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण बाईसाहेबांना ती व्हीटीलाच पकडायची असते. "सुरुवातीपासून बसलेलं बरं," म्हणते. खरं कारण मला माहीत होतं — जयवंत.

जयवंत व्हीटीला अनाउन्सर. लग्नाआधी सुनंदाच्याच चाळीत राहायचा. दोघांचं जवळपास ठरलेलं. तेवढ्यात गिरण्यांचा संप आला, सासऱ्यांचा पगार बंद झाला आणि बिऱ्हाड गावी निघालं. बोलणी तिथेच राहिली. व्हीटीचे फलाट तेव्हा अशाच बिऱ्हाडांनी भरलेले... ट्रंका, वळकट्या, स्टोव्ह. ज्या स्टेशनाने घाटावरून इतकी माणसं गिरण्यांना आणून दिली, तेच आता त्यांना परत पाठवत होतं. जयवंत घोषणेच्या शेवटी पदरचे शब्द जोडायचा, "प्रवाशांनो, येतो म्हणा." निघताना जातो म्हणू नये, एवढंच. सुनंदाच्या गाडीलाही त्यानेच म्हटलं. ती आलीही परत... पण माझी बायको होऊन.

पुढे कित्येक वर्षं तो आवाज आला की ही बोलता बोलता थांबायची. माझा स्वतःचा आवाज, आईच्या शब्दांत, सादळलेल्या पापडासारखा. मग जयवंत हार्ट अटॅकने गेला. तेराव्याला आम्ही दोघं गेलो. ही जेवली नाही. मी जिलेबी दोनदा घेतली. घोषणा तर केव्हाच रेकॉर्डेड झाल्या होत्या, बाईच्या आवाजात.

त्यानंतर काही महिन्यांनी सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं, म्हणून निघालो. सकाळची वेळ, बाकावर बसलेलो. आणि स्पीकरमधून स्पष्ट... "कोल्हापूरकडे जाणारी गाडी आज तेरा नंबरवरून सुटेल. प्रवाशांनो, येतो म्हणा."

मी ताडकन उठलो. "चल, तेरावर."

"अहो, कुणी सांगितलं? बोर्डावर दहा आहे."

"आत्ता अनाउन्समेंट झाली ना."

"काही झालेली नाही."

ओढतच नेलं. गाडी तेरावर उभी होती. आम्ही जागा धरून बसलो आणि मग रेकॉर्डेड बाईने फलाट बदलल्याचं सांगितलं. लोक धावत सुटले.

दादर गेल्यावर मी तिला आवाज कुणाचा ते सांगितलं. वाटलं, घाबरेल.

"तुम्हाला ऐकू आला?"

"हो."

"तुम्हाला?"

कर्जतला तिने एकच वडापाव घेतला, स्वतःपुरता. मग म्हणाली, "इतकी वर्षं कान देऊन बसते मी, आणि बोलायचं ते ह्यांच्याशी. उतू चाललं होतं ना तुम्हा दोघांचं प्रेम."

डब्यात विचारलं, कुणीच काही ऐकलेलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरलाही दाखवलं, कान ठणठणीत. काय होतं ते, मला आजही सांगता येत नाही.

गाडी आम्ही अजून व्हीटीलाच पकडतो. फक्त सुनंदा आता स्पीकरकडे कान देत नाही. गाडी लागेपर्यंत माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बसते. लग्नाच्या फोटोतसुद्धा तिने माझ्याकडे असं बघितलेलं नाही... आणि आता बघते, तेही त्याच्यासाठी.