आबांनी डब्यात ठेवलेलं रीळ

मंडळी, आज फार थकलोय. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगलीच्या दवाखान्यात ठेवलंय. सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन जे सांगितलं, ते अजून घरी कुणालाच बोललो नाही.

दुपारी आबांच्या उशाशी बसून मोबाईलवर एक जुना जर्मन मूकपट लावला. जहाजावरच्या हिरेचोरीचा. बघतो तर ओळखीचा निघाला. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी आबा तासगावकडं तंबूच्या सिनेमात ऑपरेटर होते, तेव्हा हाच दाखवायचे. माईकवरून गोष्टही तेच सांगायचे. चोरीचा आळ आलेला खलाशी समुद्रात उडी टाकतो आणि पोहत घरी येतो, असं सांगून खेळ संपवायचे आणि तंबूतले दिवे लावायचे.

आज कळलं, त्यानंतर अजून एक रीळ आहे. त्यात तो बुडतो.

"आबा, हा तर बुडतो की."

"ठाव हाय रं. म्होरं बसलेल्या निम्म्या बायांचं मालक लढाईवर व्हतं. त्यास्नी कसं दावायचं? ऱ्हाऊ दिलं ते रीळ डब्यात."

आबांनी मोबाईल बाजूला सारला. मग म्हणाले, "डॉक्टर काय म्हनला?"

"चार दिवसांत घरी सोडतो म्हणाले," मी सांगितलं.

तुम्ही काय सांगितलं असतं?