दुपारची वीज

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी संगणकात इमारत बांधतो. भिंती, खिडक्या, पंखे, गिझर, माणसं असं सगळं भरलं की ती किती वीज खाईल ते कळतं. मग खरा मीटर बघायचा आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत मॉडेल दुरुस्त करत बसायचं. आकडा जुळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. बायको या खोडीला वैतागलेली आहे.

चाकणच्या एका कंपनीच्या कामगार वसतिगृहात वीज कुठे वाचवता येईल, ते सांगायचं होतं. खोलीत तिघं, सगळे दिवसपाळीला, दुपारी खोल्या रिकाम्या, असं व्यवस्थापकांनी लिहून दिलेलं. मीटर मात्र भर दुपारीही पळत होता. आठवडाभर मी छताचा रंग बदलून पाहिला, भिंतींची जाडी बदलली. नुसती भुई धोपटली. कुठेतरी पाणी मुरत होतं. शेवटी निगडीहून गाडी काढली आणि न सांगता तिथे जाऊन थडकलो.

भर दुपारी बऱ्याच खोल्यांत कुणा ना कुणाचे नातेवाईक होते, पंखे चालू होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत डोकावलो. खाटेवर एक म्हातारा, पाय सुजलेले, दंडाला पट्टी. शेजारी त्याचा तिशीतला मुलगा, बीडकडचा, त्या दिवशी सुट्टीवर. मला पाहून तो ताडकन उठला.

"वडील हायेत साहेब. किडन्या गेल्यात. आठवड्याला दोनदा डायलिसिसला न्यावं लागतंय. गावाकडून दर खेपेला आणणं झेपत न्हाई. इथं ठेवायचा नियम न्हाई, ठाऊकंय मला. तेवढं वर कळू देऊ नगा."

"नाही कळणार," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मुलाला मला पाणी द्यायला सांगितलं. त्याला स्वतःला दिवसभरात दोनच पेले चालायचे.

घरी येऊन मी खोल्यांत दुपारची माणसं भरली. मॉडेल पहिल्याच फटक्यात मीटरशी जुळलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अहवालात लिहिलं: दुपारच्या वापराचं कारण, खोल्यांत बाहेरच्या माणसांची वस्ती. 'दुपारी पंखे चालू राहतात' एवढ्यावर भागलं असतं. पण व्यवस्थापकांनी मला चुकीची माहिती दिली होती, आणि ते त्यांच्या वरिष्ठांसमोर दाखवून द्यायची मला खुमखुमी होती. दिलेला शब्द त्या क्षणी आठवला नाही असं म्हणायला मला आवडेल. तो आठवला होता. एका ओळीने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

बैठकीत व्यवस्थापक खजील वगैरे झाले नाहीत. त्यांनी माझे आभार मानले.

महिन्याभराने मीटरचे नवे आकडे आले. दुपारचा वापर जवळजवळ शून्यावर आला होता. वीजबचतीबद्दल माझं कौतुक करणारा मेलही सोबत होता. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्याचा मुलगा दिसला. टोपीखाली डोकं तुळतुळीत होतं, तरी मी विचारलंच, वडील कसे आहेत.

"परवा दहावा झाला, साहेब. वॉर्डननं एका दिवसात समदी बाहेरची माणसं खोल्यांतनं काढायला लावली. गावाकडं नेलं, पुढं सतरा दिवस काढले त्यांनी."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी शब्द पाळला, मला ठाऊकंय. चुगली दुसऱ्याच कुणी केली."

मी त्याला खरं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.