नवा फौजी, जुना फौजी

खानदेशात माणूस दोन गोष्टी विसरत नाही, कोणी जेवायला बोलावलं ती आणि कोणी चारचौघांत पाणउतारा केला ती. पहिली मी कधीकधी विसरतो.

नव्वदच्या दशकात मी असोद्याहून धुळ्याला कॉलेजसाठी आलो आणि देवपुरात मामाकडे राहिलो. गल्लीच्या तोंडाशी एका नानांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एक टीव्ही, दोन लाकडी बाकं आणि कॅसेटांचा एक डबा, एवढाच पसारा. त्या डब्यातल्या एका खेळावर आमचा जीव होता. डोक्याला लाल पट्टी बांधलेला एक फौजी जंगलातून गोळ्या झाडत जायचा आणि शेवटी आपल्या कैदेतल्या साहेबाला सोडवायचा. एकाच कॅसेटमधले त्याचे तीन भाग आम्ही कोळून प्यायलो होतो.

मग सुरतेहून चौथा भाग म्हणून नवी कॅसेट आली. ती आणली एका इंजिनिअरच्या पोराने. हा माझ्याच वर्गातला, पायात पांढरे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून कुठेतरी बघायचा. ही कॅसेट पुढचा भाग नव्हतीच. कंपनीने सगळी गोष्ट पुसून पहिल्यापासून मांडली होती. फौजी पुन्हा विशीतला, हातात बंदूक नाही, उडी आखूड. आणि ज्या साहेबाला आम्ही शंभरदा सोडवलं तोच आता दुश्मन. माझं डोकंच फिरलं.

दुकानात दोन तट पडले. जुन्यांचा पुढारी मी आणि माझ्या पाठीशी पिंपळनेरचा एक होस्टेलवाला. तो माझ्याहून मोठा, मितभाषी, पण जुन्या फौजीवरून कोणाशीही भांडायला तयार. आमचं म्हणणं सरळ होतं, की ज्याला सोडवायला जीव दिला त्याला खलनायक केलंत, मग आधीचं सगळं खोटं होतं का? नव्यांचं म्हणणं, की जुन्यात नुसतं धावायचं आणि झाडायचं, नव्यात डोकं लागतं. कॉलेजात, चहाच्या टपरीवर, सायकल स्टँडवर हाच वाद. संध्याकाळी तर कॅसेट कोणती लावायची यावरून रोज हमरीतुमरी.

एके दिवशी इंजिनिअरचा पोरगा म्हणाला, “एकदा खेळून तर बघ, मंग बोल.” सगळे बघत होते, मागे हटणं शक्य नव्हतं. मी बसलो. पहिलाच खड्डा आला. बोटांना जुनी लांब उडी पाठ होती, मी दुरून उडालो आणि मधोमध पडलो. तिन्ही जीव त्याच खड्ड्यात गेले. तो मागे उभा राहून आमच्या असोद्याच्या बोलीत क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखा बोलत होता. “भाऊ उडले, भाऊ पडले. केळीच्या चारीत पडले का हो भाऊ?” दुकान हसून लोळलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव खड्डा.

खड्डा, वही दे. खड्डा, सर बोलावतात. एकदा तर मामाच्या दारात येऊन कोणीतरी मामीलाच विचारलं, खड्डा आहे का घरात. त्या दिवशी मी ठरवलं की याला रडवायचं.

दर शनिवारी गावी जाताना मी जळगावला उतरायचो. तिथे स्टँडच्या मागे एका दुकानात तीच नवी कॅसेट होती. आईला सांगायचो, गाडी पंक्चर झाली. मी तो खेळ द्वेषाने शिकलो. प्रत्येक खड्डा, प्रत्येक पूल, पाण्यातून निघणारा तो हात. खेळ वाईट नव्हता, आणि याचीच मला जास्त चीड यायची. पिंपळनेरवाल्याला यातलं काहीच सांगितलं नाही.

इकडे रोजच्या भांडणांना नाना कंटाळले. म्हणाले, “आखाजीले फैसला करी टाका. बठ्ठा लोक जमतीन. एक जण नवा दखाडी, एक जण जुना. लोके ज्याले मान डोलावतीन तो ऱ्हाई. दुसरी कॅसेट भाईर.” नवी कॅसेट इंजिनिअरच्या पोराची होती. ती जिंकली तर त्याने ती दुकानाला द्यायची आणि बदल्यात जुनी घेऊन जायची, असं ठरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे म्हातारेसुद्धा झाडाखाली उघड पत्ते कुटतात, कोणी रागावत नाही. पण त्या दिवशी डावावर दिलेला शब्द फिरवायचा नाही, हाही नेम. फिरवला तर वर्षभर कोणी पंगतीला बसू देत नाही.

आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी येणार होत्या. तरी मी दुपारीच धुळ्याची गाडी धरली. आई म्हणाली, “सणाले घर सोडून काहून चालला रे?” मी खोटं बोललो, परीक्षेचं काम आहे.

दुकान खचाखच भरलं होतं. इंजिनिअरचा पोरगा आधी बसला. चांगला खेळला, खोटं कशाला बोलू, पण चौथ्या टप्प्यातल्या तुटक्या पुलावर त्याचा शेवटचा जीव गेला. आता पाळी माझी. पिंपळनेरवाल्याने जुनी कॅसेट शर्टाच्या टोकाने पुसून माझ्यासमोर धरली. मी ती घेतली नाही. म्हणालो, “नवीच राहू दे.”

पहिला खड्डा मी डोळे त्याच्याकडे वळवून पार केला. मग पूल आला. त्या पुलावर तो जिथे मेला तिथे मी थांबलो, फौजीला जागच्या जागी दोनदा उडवलं आणि त्याच्या घरच्या अहिराणीत म्हणालो, “हाऊ खड्डा आते तुना शे.” खड्डा आता त्याचा. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी पुढे गेलो, साहेबाला लोळवलं आणि खेळ संपवला. असं सुख मला नंतर पगार हातात पडतानाही झालं नाही.

लोकांनी मला उचललं. शिट्ट्या, आरडाओरड, जो तो नवा खेळायला रांगेत. नाना हसत म्हणाले, “तूच नवा इतका झ्याक खेळस, मंग जुना कसाले ठेवू?” मी खांद्यांवरून ओरडत होतो, अजून जुना दाखवायचाय. कोण ऐकतो. आखाजीचा शब्द होता. पिंपळनेरवाल्याने जुनी कॅसेट नानांच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तो नंतर माझ्याशी बोलला नाही.

नानांनी कॅसेट इंजिनिअरच्या पोराला दिली. जाताना तो मला म्हणाला, “मलाही हाच आवडायचा. घरी ये खेळायला.” आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

मी गेलो नाही. त्याचं घर कॉलेजच्या वाटेवर होतं. खिडकी उघडी असली की जुन्या फौजीचं संगीत रस्त्यावर ऐकू यायचं, आणि तिसऱ्या टप्प्यात दरवेळी त्याच दरवाजापाशी जीव गेल्याचा आवाज. तिथे उजव्या भिंतीवर एक गोळी झाडली की वाट उघडते. दोन वर्षं मी त्या खिडकीखालून गेलो. त्याला सांगितलं नाही.