लॅमिनेशन केलेले खेळाडू

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात माझ्या मुलीसाठी, रेवासाठी, वह्या घेत होते. कन्नडहून धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आपले मामा गेले गं…" त्याला आता दीड महिना झाला. रडून झालंय. हल्ली मामा आठवले की हसूच जास्त येतं, आणि असा मामा आपल्या वाट्याला आला याचं फार बरं वाटतं.

बँकेत नोकरी, लग्न केलं नाही, आणि नाद एकच, क्रिकेटपटूंच्या कार्डांचा. च्युइंगगमच्या पाकिटातून निघायची ती. पुढं फोटो, मागं धावा नि विकेटी. पाकिटं मामांनी आणायची, गम आम्ही दोघा भाचरांनी चघळायचा आणि कार्डं त्यांच्या हवाली करायची, असा रोखठोक करार होता. जबडे दुखून यायचे. जेवणं झाली की सतरंजीवर डाव पडायचा. ज्याच्या खेळाडूच्या धावा जास्त त्यानं समोरच्याचं कार्ड जिंकायचं, आणि मामा आम्हा पोरांनाही एका धावेची सूट देत नसत. एकदा भावानं त्यांच्या लाडक्या यष्टिरक्षकावर वरण सांडलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. मामांनी कार्ड पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा गठ्ठा शहागंजात नेऊन लॅमिनेशन करून आणला. "आता सांडा काय सांडायचं ते," म्हणाले.

रेवालाही हा नाद मामांनीच लावला. पण बारा वर्षांची ही पोरगी मोबाइलवर कार्डांच्या किमती बघून बघून शहाणी झालेली. तिची कार्डं कडक प्लास्टिकच्या कव्हरात, कुणी बोट लावायचं नाही. मामांचा गठ्ठा बघून तिनं कपाळाला हात लावला. "आजोबा, लॅमिनेशन केलं की कार्ड मेलं. आता याला कोणी विचारणार नाही."

"नाय विचारणार? मग तर लई बरं झालं, खेळायला मोकळं," मामा म्हणाले. "तुझे ते कपाटात बसलेले कवा मैदानात उतरायचे?"

रेवा रुसली. त्यानंतर ती त्यांच्याबरोबर डावाला बसलीच नाही. एकदा मला बाजूला घेऊन मामा म्हणाले, "माझी कार्डं कुणी सांभाळली नाय तरी चालंल गं. पण खेळायला कुणी पायजे…" त्यांना ते फार लागलं होतं. आणि समेट व्हायच्या आतच ते गेले.

गेल्या आठवड्यात भाऊ त्याच्या सात वर्षांच्या ओमला घेऊन आमच्याकडे आला. ओमनं आता आमच्या घरी असलेला मामांचा गठ्ठा उपसला आणि रेवाला खेळायला बसवलं. दोन डाव झाल्यावर तो म्हणाला, "तू आजोबांच्याच कार्डांनी खेळती. तुझं काढ ना एखादं." रेवानं डाव तिथंच आवरला. मी मध्ये पडले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला स्कूटी काढायला लावून शहागंजात घेऊन गेली. दुकानात तिनं तिचं सगळ्यात लाडकं कार्ड कव्हरातून काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते उलटसुलट करून पाहिलं. "एक बार मशीन में गया तो वापस निकलता नहीं, बेटा. सोच लो."

"मालूम है," रेवा म्हणाली. "मेरा छोटा भाई खेलते खेलते खाता है."