बुडालेल्या खाचरावरचा उजेड

तो उजेड खाली पडला नव्हता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, मामंजींच्या शेजारी उभी राहून बघितला होता. पण चौकशीला आलेल्या साहेबांनी वाडीतल्या गड्यांना विचारलं, पोरासोरांना विचारलं, देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्यालासुद्धा "आवाज आला का" म्हणून विचारलं. मला कुणी विचारलं नाही. सुनेला काय विचारायचं? सुनेनं चहा करायचा.

मी देशावरल्या चांद्याची. आमच्याकडं सपाट रान, बांधाला बांध लागलेला. लग्न होऊन मुळशीच्या धरणाकाठी या वाडीत आले तेव्हा आई म्हणाली होती, "जीभ तेवढी आवरून धर, बाकीचं देव बघंल." जीभ काही मला आवरता आली नाही. पण या घरात बोलणारा माणूस आधीच होता, तेव्हा माझी पाळी उशिरा आली. तो माणूस म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. मामंजी दिवसभर त्यांच्या जमिनीबद्दल बोलायचे, आणि ती जमीन पाण्याखाली होती.

धरण झालं तेव्हा ते ऐन जवानीत होते. गाव बुडालं, माणसं डोंगराच्या उतारावर चढून बसली, तीच ही वाडी. वर सगळा मुरूम, तिथं नाचणी आणि वरई. खाली खाचरात आंबेमोहोर पिकायचा. मामंजी सांगायचे, भात शिजायला लागला की वाटेनं जाणारा माणूस थांबून विचारायचा, कुणाच्या घरी पाव्हणं आल्यात? बदल्यात दुसरी जमीन मिळावी म्हणून त्यांनी किती अर्ज केले असतील त्याला सुमार नाही. दर वेळी उत्तर एकच, कोणती जमीन, कुठं आहे, दाखवा. आता दाखवायची कशी? तांब्यानं धरण उपसून?

म्हणून ते पाठ म्हणायचे. सकाळी तोंड धुतलं की काठाकडं तोंड करून उभे राहायचे आणि एका दमात चतुःसीमा सांगायचे. उगवतीला गुरवाचं वावर, मावळतीला मारुतीचं देऊळ, वरच्या अंगाला गाडीवाट, खालच्या अंगाला ओढा. दुसऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं देवाचं म्हणतात, आमच्या घरी हे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या आवाजावर चूल पेटवायच्या. मला आधी हसू यायचं. नंतर मलाही पाठ झालं.

उजेड दिसला तो मार्गशीर्षात. दिवेलागणीला मामंजी आणि मी गुरं गोठ्यात बांधत होतो. पाण्याच्या वर पितळी परातीएवढा पांढरा पिवळा गोळा आला. ना आवाज, ना धूर. पाण्यावर उंच जागच्या जागी थांबला, एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ. मग हलला आणि डोंगरावरून कोकणाच्या अंगाला निघून गेला.

"इमान आसंल, मामंजी," मी म्हटलं.

"इमान थांबतंय व्हय कुटं?" मामंजी म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. "आपल्या खाचरावर थांबलं बग. बराबर वर."

वाडीत आणखी पुष्कळांनी बघितला होता. त्या काळात वर्तमानपत्रात उडत्या तबकड्यांच्या बातम्या यायच्या. शाळेच्या गुरुजींनी हौसेनं पुण्याला कळवून टाकलं, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना वाडीत सरकारी जीप आली. विमान कोसळलं की आणखी काय, ते बघायला एक साहेब आले होते. सोबत आमचा तलाठी.

जीप दिसल्यापासून मामंजींचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मला आणि ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी गोठ्यामागं नेऊन सगळं समजावून सांगितलं. आदल्या वर्षी वीज पडून एकाचा बैल मेला होता, तेव्हा पंचनामा वाचून दाखवलेला त्यांनी ऐकला होता. बैल कुणाच्या वावरात पडला, उगवतीला कोण, मावळतीला कोण, सगळं त्यात आलं होतं. "पंचनामा म्हंजी चतुःसीमा आल्याच," मामंजी म्हणाले. "उजेड आपल्या खाचरावर व्हता. मंग सायबाला खाचर लिवावं लागतंय का न्हाई? एकदा सरकारी कागदावर आपलं खाचर आलं, की मंग दाखवा म्हणायला कुणाचं तोंड न्हाई."

आत्याबाईंनी आतून ऐकलं. "इचारतील तेवढंच सांगा," त्या म्हणाल्या.

साहेब माणूस भला होता, ते मी आजही म्हणीन. घोंगडीवर मांडी घालून बसले. एकेकाला हात लांब करायला लावून डोंगराच्या वर किती बोटं उजेड होता ते विचारत होते. मामंजींची पाळी आली. मी दाराआड चहाच्या कपबश्या घेऊन उभी.

"कुठं दिसला, बाबा?"

"आमच्या खाचरावर."

"ते कुठं आलं?"

मामंजींनी पाण्याकडं बोट केलं आणि एका दमात म्हणून दाखवलं. उगवतीला गुरवाचं वावर, मावळतीला मारुतीचं देऊळ. तलाठी गालात हसला.

"तिथं तर पाणी आहे," साहेब म्हणाले.

"पाणी वर हाय, सायब. जमीन खाली हाय."

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. मामंजी म्हणाले, वाचून दाखवा. साहेबांनी वाचलं, "सदर प्रकाश जलाशयाच्या वर दिसला."

"आन् चतुःसीमा?"

"अहो बाबा, आभाळाला कसल्या आल्यात चतुःसीमा?"

लोक हसले. साहेबांनी ते कुचेष्टेनं म्हटलं नव्हतं, पण लोक हसले. साहेब पेनाला टोपण लावायला लागले, आणि मामंजींच्या तोंडून शब्द गेला.

"नुसता दिसला न्हाई, सायब. खाली आला त्यो. पडला. आमच्या खाचरात पडला."

साहेबांनी टोपण परत काढलं. पडला म्हटल्यावर गोष्टच वेगळी झाली. काय पडलं, कुठं पडलं, बुडताना पाणी उडालं का? मामंजी व्हय व्हय म्हणत गेले. म्हाताऱ्या माणसाला साहेबापुढं खोटं पाडायला वाडीतलं कुणी पुढं झालं नाही. साहेब म्हणाले, माणसं घेऊन परत येतो, जागा दाखवाल ना? मामंजी म्हणाले, "डोळं झाकून दाखवतो."

पुढचे काही दिवस आमच्या घरात लग्नघर असल्यासारखं होतं. मामंजींनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी केली. आत्याबाईंनी धोतर नीळ घालून धुतलं. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं की नाही, मला कधी कळलं नाही. मी मामंजींना एकदा हळूच म्हटलं, "मामंजी, त्यो तर कोकणात गेला की." ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, तेवढं एक पोटात ठेव." ठेवलं. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं.

साहेब दोन माणसं, लांब दोर आणि लोखंडी आकडा घेऊन आले. होडी वाडीतलीच, वल्हं आमच्या ह्यांच्या हातात. मामंजी धुतल्या धोतरात पुढं जाऊन बसले. सगळी वाडी काठावर उभी. होडी निघाली तेव्हा मी मनात म्हटलं, होऊ दे देवा, यांचं खाचर लिहिलं जाऊ दे, मग ते खोट्यावर का असेना.

काठावरून बोट दाखवणं सोपं असतं. पाण्यात गेल्यावर चारी दिशा सारख्या.

मामंजी म्हणाले, हितं. साहेबांच्या माणसांनी आकडा सोडला, गाळ आला. मामंजी म्हणाले, न्हाई, जरा वर. होडी वर गेली. मग म्हणाले, ओढ्याकडं घ्या. ओढा कुठला तिथं? शांत पाण्यावरून आवाज सगळा काठापर्यंत येत होता. होडी फिरत राहिली, घाण्याच्या बैलागत. मग मामंजींनी ह्यांना विचारलेलं मी ऐकलं, "गुरवाचं वावर आपुण वलांडलं का रं?"

"मला काय ठावं, आबा," हे म्हणाले. "मी जल्मलोच न्हवतो."

एकदा आकड्याला काळा गाळ लागून आला तो मामंजींनी ओंजळीत घेतला, हुंगला, बोटांनी चोळून बघितला. हे मला नंतर सांगत होते, आबांनी त्या मातीकडं बघितलं ते आपल्याच लेकराचं तोंड ओळखू येईना असं. मग त्यांनी ओंजळ पाण्यात सोडली आणि म्हणाले, "चला माघारी."

काठावर साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं, पण वाडी काय बाजूला राहते? सगळे ऐकत होते. "बाबा, खरं सांगा. पडताना पाहिलंत तुम्ही?"

मला वाटलं, आता तरी आपलं म्हणणं धरून ठेवतील. पाण्यात काय पडलं नि काय नाही, कोण बघायला जातंय?

"न्हाई पडला," मामंजी म्हणाले. "डोंगरावरनं कोकणात गेला."

"मग पडला असं का सांगितलंत?"

तलाठीच म्हणाला, "साहेब, म्हातारा जमिनीपायी येडा झालाय."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे म्हणाले, "अहो, जमिनीचं काम माझ्याकडं नाही. मी आभाळाचं बघतो." त्यांनी कागद पुढं केला. मामंजींनी या खेपेला वाचून दाखवा म्हटलं नाही. जिथं दाखवलं तिथं सही केली.

निकाल काय लागला ते गुरुजींकडून कळलं. एकजण खोटं बोलला म्हणून वाडीतल्या कुणाचीच जबानी धरली नाही. आडावर बायका मला ऐकवायच्या, तुझ्या सासऱ्यानं आमाला समद्यांस्नी लबाड ठरिवलं. एकदा माझं डोकं सटकलं. म्हटलं, "म्या बी बगितलाय उजेड. मला इचारलं आसतं, तर कुटनं आला आन् कुटं गेला ते उभं आडवं सांगितलं आसतं. तुमच्या गड्यांनी माझं नाव घेतलं का सायबाफुडं?" घागरी उचलून वाटेला लागल्या. पण भांडण जिंकून काय उपयोग होता? घरी गेलं की मामंजी दिसायचे.

ज्या दिवशी होडी फिरली त्या दिवशीच मी त्यांना गोठ्यात चहा नेऊन दिला होता. कप हातात धरून ते म्हणाले, "सूनबाई, मला घावलं न्हाई गं."

आईनं मला जीभ आवर म्हणून बजावलं होतं. तरी म्हटलं, "धुकं व्हतं, मामंजी."

"धुकं न्हवतं," ते म्हणाले.

मला इतकं वाईट वाटलं की मी म्हशीच्या आड जाऊन रडले. जमीन गेली ती गेली, सरकारनं घेतली, पाण्यानं घेतली. पण एवढी वर्षं ती त्यांच्या तोंडात तरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोंड धुतलं आणि सरळ गुरांकडं गेले. आत्याबाई चुलीपुढं काडेपेटी हातात धरून बसून राहिल्या. बराच वेळ गेल्यावर मीच म्हटलं, "पेटवा, आत्याबाई."

उन्हाळा लागला तेव्हा माझ्या नणंदेला बघायला पौडाकडचे पाहुणे आले. चांगलं स्थळ होतं. मुलाच्या चुलत्यानं पानाला चुना लावता लावता विचारलं, "तुमचं मूळ गाव कंचं?"

हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला की अर्धा दिवस गेला म्हणून समजायचं. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "च्या दमानं ठेव. त्यास्नी आता येळ लागंल." त्या किंचित हसल्याही. किती महिन्यांनी हसत होत्या.

बाहेर मामंजी म्हणाले, "हीच वाडी. आमी हितलंच."

"आन् जमीन?"

"ही वरची. नाचणी पिकती."

झालं. एवढंच. आत्याबाईंचा हात आधणावरच थांबला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, बघवेना. चहा झाला, पोहे झाले, मुलगी पसंत पडली, साखर वाटली. मामंजींनी हसून पाहुण्यांना वाटेपर्यंत पोचवलं. सगळं नीट पार पडलं.

दिवस कलला तरी आत्याबाई चुलीकडं आल्या नाहीत. भिंतीला टेकून, पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, चूल पेटवू?"

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "सुतक हाय."

पोरीचं लग्न जमलं त्या दिवशी असा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. नणंद रडायला लागली, हे बाहेर निघून गेले. मी एरवी तोंड सोडलं असतं. त्या दिवशी उठले, शेजारच्या घरी गेले आणि भाकरी मागून आणल्या, सुतकाच्या घरी शेजारून आणतात तशा. मामंजींच्या पुढं ठेवल्या. आपल्या घरात धडधाकट बायका असताना भाकरी दुसऱ्याच्या का, असं त्यांनी विचारलं नाही. एकदा थंड चुलीकडं बघितलं आणि मान खाली घालून खाल्ल्या.