शिक्का कुणाचा

शेजारचे गलाईवाले मूळचे विट्याचे. कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवून आता सांगलीत स्थायिक झालेत. हातात येईल ती वस्तू, अगदी चहाचा कपसुद्धा, ते आधी नखानं खरवडून बघतात.

त्यांच्या लेकीला इंजिनिअरिंगसाठी एका नव्या खाजगी विद्यापीठात जायचंय. परवा ते मला म्हणाले, "आपुनच शिकवायचं, आपुनच परीक्षा घ्यायची आन डिग्रीबी आपलीच! त्यापरास जुन्या विद्यापीठाखालचं कॉलेज बरं."

"आबा, तुमच्या सोन्याच्या लगडीवर तुमचाच शिक्का असायचा की," लेक आतून म्हणाली.

"पयली पाच वर्षं त्याला कुणी इचारत न्हवतं. तू काढशील तसली वर्षं?"

"तुमी न्हाई काढली?"

तिनं चहा आणून पुढं केला. त्यांनी कप न खरवडताच तोंडाला लावला.