आपांनी वाटलेली मेमरी

‘सिस्टीम स्लो झाली’ असं आपांसमोर म्हणायची सोय नव्हती. चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारायच्या, “झाली, की कुणी केली?” रत्नागिरीतल्या आमच्या रुग्णालयाचा सर्व्हर त्या सांभाळत आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसे. मिरकरवाड्यात वाढलेल्या आपांचं बोलणं हळू. पण गुळमुळीत उत्तर त्या खपवून घेत नसत.

एका वर्षी तपासण्यांचे रिपोर्ट फार रखडत उघडू लागले. सकाळी रिपोर्टांच्या खिडकीपुढे म्हातारी माणसं ताटकळायची. रिपोर्ट डेटाबेसमध्ये होते आणि एक्स-रेची चित्रं त्याच सर्व्हरवर साध्या फाइली म्हणून. ते झटकन उघडायला लागणारी मेमरी बेताची. ती डेटाबेसच्या स्वतःच्या कॅशेला, म्हणजे नोंदी हाताशी ठेवायच्या जागेला दिली, तर कुठली नोंद पुन्हा लागेल हे त्याला जास्त चांगलं कळतं. ऑपरेटिंग सिस्टीमकडे मोकळी ठेवली, तर ती नोंदींबरोबर एक्स-रेच्या फाइलीही मेमरीत धरून ठेवते. आम्ही बराच खल केला. शेवटी आपा म्हणाल्या, “रांग रिपोर्टांची आहे. डेटाबेसला देऊया.”

रिपोर्ट झटक्यात उघडू लागले. खिडकीवरच्या बाईंनी आम्हाला घरून आंबोळ्या आणून खिलवल्या.

थोड्याच दिवसांत जयगडच्या एका खलाशाला आणलं. बोटीवर दोर तुटून छातीवर बसला होता. डॉक्टर एक्स-रे उघडू लागले, तर पडदा कोराच. फाइलींसाठी मेमरी उरली नव्हती. चित्र डिस्कवरून रखडत येत होतं. आलं अखेर. पण संध्याकाळी तो माणूस गेला.

डॉक्टरांनी आपांना बाजूला घेतलं. “मॅडम, चित्र लगेच आलं असतं तरी तो वाचला नसता. मारच तसा होता.”

“नसेल वाचला,” आपा म्हणाल्या. “पण तेवढा वेळ त्याची बायको तुमच्या तोंडाकडे बघत उभी होती.”

मग त्या बाहेर गेल्या आणि त्याला गावी न्यायची गाडी येईपर्यंत त्या बाईचा हात धरून बाकावर बसून राहिल्या.

पुढे बैठकीत व्यवस्थापक ‘तांत्रिक बिघाड’ असं म्हणाले, तेव्हा आपांनी त्यांना थांबवलं. “बिघाड नव्हता. निवड होती, आणि ती मी केली.” डेटाबेसची मेमरी त्यांनी कमी केली, बाकीची ऑपरेटिंग सिस्टीमकडे मोकळी सोडली. रिपोर्ट पुन्हा मंदावले. खिडकीवर लोक चिडले, की आपा स्वतः जाऊन त्यांची बोलणी खात.

आपा निवृत्त झाल्या, मग आजारी पडल्या. गेल्या वर्षी भेटायला गेलो, तेव्हा अगदी सुकल्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, “आपा, एक्स-रेसाठी आता वेगळा सर्व्हर आलाय. वाटणीचा प्रश्नच मिटला.”

“तेव्हाच यायला हवा होता.”

“तेव्हा कुणी दिला नसता, आपा.”

“कुणास ठाऊक,” त्या म्हणाल्या. “मी मागितलाच नाही रे.”

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. ती आमची शेवटची भेट.